कडेनं बघणारा नववा उपग्रह

एका बंदराच्या मागे टेकडी होती आणि टेकडीवर हवामान केंद्र. तिथे नीलकंठ नावाचा हुशार तरुण काम करायचा. समुद्रावर ढग आला की नऊ छोटे उपग्रह नऊ कोनांतून त्याचे फोटो काढत. ते सगळे जुळवून नीलकंठचा संगणक ढगाच्या आतलं चित्र उभं करी, जणू कलिंगड कापून दाखवावं तसं. आत पाणी किती, ते बघून नीलकंठ होड्यांना सांगे, जा किंवा थांबा.

नीलकंठला सगळं कसं नेटकं लागे. आठ उपग्रहांचं एकमेकांशी छान जमे. नववा मात्र पार क्षितिजाकडून, कडेनं बघणारा. त्याचा फोटो अंधुक, आणि तो घातला की संगणक कुरकुर करी. शेवटी नीलकंठनं त्याला वगळूनच टाकलं. चित्र एकदम सुबक आलं. साहेबांनी ते कौतुकानं भिंतीवर लावलं.

एके सकाळी समुद्रावर पांढराशुभ्र ढग उभा राहिला. नीलकंठनं चित्र पाहिलं आणि वायरलेसवरून होड्यांच्या म्होरक्याला, पांडू तांडेलाला, सांगितलं, "बिनघोर जा." तांडेलामागे सगळ्या होड्या निघाल्या.

थोड्या वेळानं केंद्रात नीलकंठच्या वरिष्ठ सुलभाताई आल्या. चित्र बघून म्हणाल्या, "नववा कुठंय?"

"त्याचं कुणाशी पटत नाही, ताई."

"बाकीचे आठही वरून बघणारे. त्यांचं आपसात पटणारच. अरे, समोरून फोटो काढला की लग्नाची सगळीच स्थळं चांगली दिसतात!"

नीलकंठनं नववा फोटो घातला. चित्राचा सुबकपणा गेला. ढगाच्या तळाशी पाण्याचा काळाभोर गोळा दिसू लागला.

आता होड्या परत बोलवायच्या, तर सकाळचे शब्द गिळायला हवेत. ढग कोरडाच गेला तर बंदरभर हसं. तरी त्यानं वायरलेसचं बटण दाबलं.

"तांडेल, माझं चुकलं. एक फोटो मीच बाजूला ठेवला होता. मागे फिरा."

"सकाळी जा, आता या! आमी काय फेरीबोट चालवतो?"

"शिव्या द्या, पण बंदरात आल्यावर द्या."

होड्या फणफणत परतल्या. शेवटचा दोर बांधून होतो न होतो तोच ढग फुटला. हाताच्या अंतरावरचा धक्का दिसेना.

संध्याकाळी पांडू तांडेल ओलाचिंब होऊन टेकडी चढून आला. नीलकंठ मान खाली घालून उभा राहिला.

"शिव्या पाठ करून निघालो होतो," तांडेल म्हणाला, "वाटेत पावसानं धुऊन नेल्या."

तात्पर्य: आपल्या सुबक चित्रात जे बसत नाही, ते फेकण्याआधी नीट बघावं, आणि ते खरं निघालं, तर आपला शब्द मागे घ्यायला लाजू नये, उशीर तर मुळीच करू नये.