खडकाईचा उष्टा नैवेद्य

पिंपरखड्याच्या टेकडीवर खडकाईचं देऊळ आहे. पायऱ्या संपल्या की उजव्या अंगाला काळा गुळगुळीत खडक लागतो आणि त्यावरून खाली ओघळत गेलेला एक हिरवा पट्टा दिसतो. हातभर रुंद, पंचवीस-तीस हात लांब. ते शेवाळ नव्हे. भर वैशाखातही तो हिरवाच असतो आणि नखाने खरवडला तर नखाला काही लागत नाही. शाळेतले गुरुजी म्हणतात, दगडातच तांब्याचा अंश असेल. असेलही. पण गावातली म्हातारी माणसं पाहुण्यांना त्यावर पाय ठेवू देत नाहीत. तो ठकू कुंभारणीचा राग आहे, असं सांगतात.

फार मागची गोष्ट. चैत्रातल्या जत्रेला खडकाईला आंबील-घुगऱ्यांचा नैवेद्य असे. घुगऱ्या घरोघर व्हायच्या. हुलगे रात्रभर भिजवायचे, शिजवायचे, आणि तेलात लसूण-मिरची करपू न देता त्यावर परतायचे. खायला कोरड्या, घशाशी अडणाऱ्या. म्हणून दोन घासांमागे आंबिलीचा घोट घ्यायचा. थंड, आंबूस, लसणाच्या वासाचा. घुगऱ्यांनी तोंड पोळायचं आणि आंबिलीने निववायचं, अशी ती जोडी होती. देवीचा नैवेद्य झाला की पहिली पंगत लहान पोरांची बसे.

आंबील मात्र एकाच घरची असे, कुंभाराच्या. कारण ती डेऱ्यात करायची आणि डेरे त्यांचे. ठकूला ती तिच्या सासूने शिकवली होती. ज्वारीचं पीठ आदल्या सांजेला ताकात भिजवून डेऱ्याचं तोंड फडक्याने बांधायचं. सकाळी आधण आलं की ते ओतून एकसारखं ढवळत राहायचं, हात थांबला की गुठळी झालीच. मग निवू द्यायची. निवल्यावर वरून आणखी ताक, जिरं, ठेचलेला लसूण, मीठ. आणि चाखायची नाही. देवीच्या आधी तोंड लागलं तर नैवेद्य उष्टा. मिठाचा अंदाजसुद्धा वासावर घ्यायचा. ठकूचा नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती, त्याच्या आधीपासून ती हे करत होती आणि तिची आंबील कधी अळणी झाली नव्हती.

त्या वर्षी बयाजी पाटलाच्या विहिरीला पाणी लागलं. त्याचा नवस होता. त्याने शहरातून देवीसाठी तांब्याचा हंडा आणला, चाळीस घागरी पाणी मावेल एवढा. जत्रेच्या आदल्या दिवशी चार गड्यांनी तो काठ्यांवर घातला आणि हलगी लावून गावात आणला. उन्हात असा लखलखत होता की बघणाऱ्याने डोळे मिटावेत. पाटील म्हणाला, आता आंबील ह्यात.

ठकूने हंड्यात वाकून पाहिलं. आतूनही तो तसाच लाल होता.

"पाटील, ह्याला कल्हई न्हाई."

"न्हाई. तांबटबी तेच म्हणत हुता, कल्हई लावून घ्या म्हणून. मी म्हणलं, देवीच्या हंड्याचं कपाळ आतनं पांढरं करू व्हय?"

लोक हसले. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की समोर कोण उभी आहे, आणि ते हसू अर्ध्यावर थांबलं. पाटलाचं थांबलं नाही.

ठकू म्हणाली, "ताक कळकतं त्यात. रातभर ऱ्हायलं तर ईख व्हतं."

"तुझ्या डेऱ्यांना कुणी इचारीना म्हणून तुझं प्वाट दुखतंय, ठकूबाई. देवीच्या भांड्यात ईख?"

ठकूने घरी जाऊन सुनेला, सारजाला, आंबिलीसाठी काढलेले डेरे परत आत ठेवायला सांगितले. पांढऱ्या कपाळाचे हात नैवेद्य रांधायला चालतात, पांढऱ्या बुडाचं भांडं चालत नाही. तरीही सांजेला ती टेकडीवर गेली. ती गेली नसती तर पाटलाने दुसऱ्या कुणाला बसवलं असतं, आणि त्या दुसरीला वास कळला नसता.

पाटलाच्या देखत पीठ हंड्यात भिजलं. सकाळी फडकं सोडलं तेव्हा कडेला हिरवट कंगोरा धरलेला होता. ठकूने तो सिदू गुरवाला दाखवला. सिदू भला माणूस, पण पाटलाच्या जमिनीवर पोट असलेला. तो हलकेच म्हणाला, "आत्या, उकळल्यावर जाईल."

"उकळून ईख जातं का सिदू?"

सिदू घंटेची दोरी सारखी करत राहिला.

आंबील शिजली, निवली. वरून लसूण पडला, जिरं पडलं. ठकूने नाक खाली नेलं. लसणाच्या मागून लोखंडासारखा, जुन्या पैशासारखा वास आला. देवळासमोर पोरं मांडी घालून बसली होती, पुढ्यात पत्रावळी, पत्रावळींवर घुगऱ्या, हातात करवंट्या. काहींनी घुगऱ्या केव्हाच तोंडात टाकल्या होत्या आणि आंबील कधी येते म्हणून ती माना उंच करत होती. पंचावन्न-साठ पोरं असतील.

सिदूने नैवेद्याची वाटी पुढे केली. ठकूने पळी भरली आणि वाटीत न ओतता आपल्या तोंडाला लावली.

असं सांगतात की हलगी तिथेच थांबली.

तिने घोट गिळला नाही, खडकावर थुंकला. "कळकलीय. पोरांना देऊ नका."

पाटील पुढे आला. त्याचा आवाज चढला नाही, तो फक्त दात आवळून बोलला. "बाटवलास नैवेद्य. रांडमुंड बाई, तुला पायरीवर उभी केली हीच चूक."

"चूक झाली तर झाली. तुमी प्या एक वाटी."

"देवीआधी मी तोंड लावू?"

"मग पोरांना कसं पाजता?"

"देवीला दाखवून. सिदू, वरची काढून टाक आन् खालची वाढ."

म्हणजे उष्टेपणा वरवरचा होता, काढून टाकता येत होता. विष काढता येत नव्हतं, आणि त्याचं कुणाला काही नव्हतं. ठकूने वळून सगळ्या गावाकडे पाहिलं. त्या पोरांच्या आया तिथेच होत्या. सगळ्या जणींनी तिचं बोलणं ऐकलं होतं. एकीनेही आपल्या पोराची करवंटी काढून घेतली नाही. ठकूचा पाटलावरचा राग इथे गावावर गेला, आणि तिथून तो परत फिरला नाही.

तिने एका पोराच्या हातातली करवंटी घेतली, हंड्यात बुडवली, आणि ह्या वेळी सगळी प्याली. दुसरी बुडवली. तीही प्याली. मग हंड्याला पाठ लावून खाली बसली.

"आता थांबा. मला काय झालं न्हाई तर वाढा."

लोक थांबले. तिच्या बोलण्याने नाही, तिला ओलांडल्याशिवाय हंड्यापाशी जाता येत नव्हतं म्हणून. ऊन चढलं. पोरं कुरकुरायला लागली. मागून कुणी म्हणालं, म्हातारीला भूक लागली होती, दोन करवंट्या मारल्या. त्यावर थोडे हसले. पाटील फेऱ्या मारत होता. सावली वीतभर सरकली असेल नसेल, मळमळून ठकूच्या तोंडाला पाणी सुटलं, मग ती वाकली आणि ओकली. जे पडलं ते हिरवं-निळं होतं. पुन्हा ओकली. सारजा धावली तर तिने तिला हाताने मागे सारलं.

आणि ती उठली. चार गड्यांनी आणलेला हंडा, वर भरलेला. तिने त्याला खांदा लावला. चुलीचे दगड सरकले, हंडा कलंडला आणि खडकावरून गडगडत खालच्या घळीत गेला. आंबील मागोमाग ओघळली. जिथून ओघळली तिथे तो पट्टा.

गाव एकदम गुडघ्यांवर आलं. आई आली, आई आली, असा घोष झाला. सिदूने ताटातला भंडारा तिच्यावर उधळला. पाटीलसुद्धा हात जोडून तिच्यासमोर आडवा झाला आणि म्हणाला, "आई, चुकलो. तू बोललीस, आता ऐकतो."

म्हणे तेव्हा ठकूला जो राग आला त्यापुढे आधीचा राग काहीच नव्हता.

"अंगात कुणी न्हाई आलं माझ्या," ती म्हणाली. "मी ठकू बोलतीया. कालबी मीच बोलत हुते. देवी बोलली तर पालथे पडता. मी बोलले तर प्वाट दुखतंय म्हणता. उठा. माझ्या पाया पडू नका, पोरांकडं बघा, म्हंजी लाज वाटंल."

कपाळावरचा भंडारा तिने पदराने पुसून टाकला आणि ओकत ओकत टेकडी उतरली.

तीन दिवस ती अंथरुणावर होती. सारजा तिला चमच्याने भाताची पेज पाजत होती. चौथ्या दिवशी ती चाकावर बसली. गाव हळूहळू विसरलं, ती विसरली नाही. पुढच्या चैत्रात पाटील आणि सिदू दारात आले. तिने त्यांना बसा म्हटलं नाही. उभ्याउभ्याच सांगितलं, "येते. डेऱ्यात करीन. पण आधी मी पिणार. आन् मी प्याले की इचारायचं, कोण बोलतंय म्हणून. मी माझं नाव सांगीन. देवीचं न्हाई."

पाटील म्हणाला, "नैवेद्य उष्टा व्हईल की गं."

"व्हऊ दे," ठकू म्हणाली, आणि चाकाला काठी लावली.

ती आणखी सोळा वर्षं जगली. पाटील म्हातारा होऊन मऊ झाला, तिच्याकडची गाडगी दुप्पट धान्य देऊन नेऊ लागला. तिने धान्य मोजून जेवढं लागू होतं तेवढंच ठेवलं आणि बाकीचं परत केलं. तिचा राग गेला का, असं पाहुणे विचारतात. नाही गेला. जायला हवा होता असंही इथे कुणी म्हणत नाही.

आजही चैत्रात खडकाईला आंबील-घुगऱ्या असतात. पोरं पत्रावळी घेऊन बसतात. रांधणारी बाई, मग ती कुठल्याही घरची असो, सवाष्ण असो की नसो, देवीकडे तोंड करून पहिली वाटी पिते. गुरव विचारतो, "कोण बोलतंय?" ती आपलं नाव सांगते. पुढे नवऱ्याचं किंवा बापाचं नाव लावलेलं चालत नाही, नुसतं आपलं. मग म्हणते, वाढा. किंवा म्हणत नाही.

मागे एका वर्षी वरच्या आळीतली नवी सून बसली होती, मंदोदरी नावाची. लग्नाला चार महिने झाले असतील. ती प्याली, तिने नाव सांगितलं, पण वाढा म्हणाली नाही. सासू कोपऱ्यातून डोळे वटारत होती. जमलेली दोन हजार माणसं उन्हात होती. पोरगी खाली बघून म्हणाली, "ताक जास्त आंबलंय. दुसरं आणा."

दुसरं ताक आणायला माणूस दोन कोस गेला. तो येईपर्यंत सगळं गाव घुगऱ्यांसमोर हात बांधून बसून राहिलं, आणि सासूसुद्धा त्यांच्यातच बसली.