जावयाने सैल केलेलं झाकण

कुठल्याशा गावात एक भोळा जावई मुक्कामाला आला होता. नाव सिद्राम. बायकोला, गंगूला, माहेराहून न्यायला आला होता. सासरे धन्नाप्पा तेलाचे व्यापारी; सिद्राम त्यांना मामा म्हणायचा. ते म्हणाले, "जावईबापू, आठ दिवस माझ्या हाताखाली काढा. नुकसान न करता राहिलात तर गंगूला धाडतो. नाहीतर ती इथंच बरी."

पहिल्या दिवशी मामा म्हणाले, "हा धुतलेला तेलाचा डबा शेगडीवर वाळवा."

आत धूळ जायला नको, म्हणून सिद्रामनं बूच घट्ट आवळलं आणि डबा शेगडीवर ठेवला. डबा टुम्म फुगला. बूच उडालं ते थेट भिंतीवरच्या घड्याळात.

"अहो, आतली हवा तापली की तिला जागा लागते," मामांनी समजावलं. "जागा नाही मिळाली की तिचा जोर वाढतो. बूच सैल ठेवायचं."

"समजलं, मामा."

दुसऱ्या दिवशी मामांची सायकल उन्हात होती. सिद्रामनं चाकाला हात लावला. चांगलंच तापलेलं. त्यानं दोन्ही व्हॉल्व्ह सैल करून टाकले. सायकलवरून बाजाराला निघालेले मामा सायकल खांद्यावर घेऊन परतले.

"चाकाचं कसलं बूच काढता? चुलीवरचं पातेलं बघा. वर ताटली नुसती ठेवलेली असते. हवा तापली की ताटली उचलते, हवा ऐसपैस पसरते. जोर होता तेवढाच राहतो, काही फुटत नाही. चुलीपाशी जे जे बंद, त्याचं झाकण सैल. एवढंच ध्यानात ठेवा."

"आता पक्कं समजलं."

तिसऱ्या दिवशी वारा सुटला होता. धूळ नको म्हणून गंगू दार-खिडकी लावून भाकरी करत होती. सिद्राम बाहेर उभा राहून विचार करू लागला. आत चूल. दार बंद. आणि आत आपली बायको. वर बघतो तर पत्रे बोल्टांनी घट्ट आवळलेले.

पाना घेऊन तो वर चढला. सगळे बोल्ट काढून खाली उतरला, तेवढ्यात वावटळ आली. पत्रे उठले ते गावाबाहेरच्या बाभळीत जाऊन पडले. गंगू हातात भाकरी घेऊन आभाळाकडे बघत राहिली.

मामा धावत आले.

"बघितलंत, मामा? झाकण कसं अलगद उचललं गेलं. जोर जराही वाढला नाही. गंगू धडधाकट आहे."

मामा मटकन ओट्यावर बसले. "घेऊन जा तिला. आजच्या आज. आठ दिवस राहिलात तर माझं दुकानही जायचं."

"दुकानाची काळजी सोडा, मामा," सिद्राम म्हणाला. "तिथं तुमची शेगडी असते ना. तिथले बोल्ट मी सकाळीच काढलेत."