डोंगऱ्या बसतो तेव्हा

"आणि तो बसतो तेव्हा?" भन्ते सुमेधांनी विचारलं.

स्वरूपा बोलता बोलता थांबली. सकाळी आल्यापासून ती डोंगऱ्याच्या ताकदीबद्दलच बोलत होती. त्याचा तडाखा कुणाला किती लागतो, कुणाला एका फटक्यात आडवा करतो, सगळं तिला तोंडपाठ होतं. बसण्याबद्दल मात्र ती एक शब्दही बोलली नव्हती.

"बसतो तेव्हा मी त्याला मागे घेते," ती म्हणाली.

"नेहमी?"

"नेहमीच. त्याला तसाच ठेवला तर मार खाईल ना, भन्ते."

विहाराच्या अंगणापलीकडे लाल मिरच्या वाळत पडल्या होत्या आणि वारा फिरला की नाकाला झोंबत होतं.

स्वरूपा लांजेवार नागपूरहून पहाटेच्या एसटीनं पवनीला आली होती. अरण्यदळ या खेळात तिचं नाव झालेलं होतं. फोनवरचा खेळ. दोघांकडे तीन तीन प्राणी, पण मैदानात एका वेळी एकेकच उतरतो. प्रत्येक डावाला दोघांनी गुपचूप हुकूम द्यायचा: मार, ढाल धर, दम साठव, नाहीतर प्राणी बदल. मग दोन्ही हुकूम एकदम उघडे होतात. समोरच्याच्या मनात काय आहे ते आधी कळत नाही. खेळाची गंमत तीच आणि भीतीही तीच.

डोंगऱ्या हा त्यातला सगळ्यात थोराड प्राणी. पाठीवर गवत, पाय खांबासारखे. त्याच्या तडाख्यापुढे ढालीशिवाय कुणी उभं राहत नाही. पण तडाखा दिला की पुढच्या डावाला तो खाली बसतो. काही केल्या उठत नाही, लढत नाही. तेवढ्या वेळात समोरच्याला रान मोकळं. म्हणून मोठे खेळाडू त्याच्या वाटेला जात नसत. त्याला ते ओझं म्हणत.

त्या ओझ्यावर देशात पहिला आलेला एकच माणूस होता. निशांत रामटेके. ऐन भरात असताना त्यानं खेळ सोडला, पुढे चीवर घेऊन भिक्खू झाला, आणि आता तो या विहारात भन्ते सुमेध म्हणून राहत होता.

स्वरूपाचा स्पर्धेतला शेवटचा सामना त्याच दिवशी दुपारी होता. समोर कोल्हापूरचा शार्दूल इंगवले. त्यानं तिला याआधी दोनदा हरवलं होतं. प्राण्यांची नावं देऊन झाली होती, आता बदलता येत नव्हती. मैत्रिणींनी परोपरीनं सांगूनही तिनं डोंगऱ्या घेतला होता. जो प्राणी कुणाला जमत नाही तो मला जमतो, हे तिला दाखवायचं होतं. तुमसरच्या दवाखान्यात नर्स असलेल्या तिच्या आईनं कॉलेजातून एक वर्ष सूट दिली होती, आणि ते वर्ष सरत आलं होतं. आज हरली तर फोन ठेवून पुस्तकं उघडायची, असं मायलेकींचं ठरलेलं होतं.

तिनं फोन भन्तेंपुढे धरला. एकदा खेळून दाखवा म्हणाली.

भन्तेंनी हात चीवरात घेतले.

"तूच खेळ," ते म्हणाले. "तो बसला की मागे घेऊ नको. फोन खाली ठेव, हात बाजूला कर."

"पण हरेन मी, भन्ते."

"हर."

ती सरावाचे सामने खेळू लागली. समोर कुठली तरी अनोळखी माणसं, नाव नाही, चेहरा नाही. डोंगऱ्यानं तडाखा दिला, बसला. तिनं फोन फरशीवर ठेवला. बसलेल्या डोंगऱ्याला मार पडताना बघून तिला राहवेना. ती हरली. पुन्हा खेळली, पुन्हा हरली.

दर वेळी भन्ते एकच विचारत. तो बसला तेव्हा समोरच्यानं काय केलं?

तिला सांगता येईना. तिचं सगळं लक्ष स्वतःच्या डोंगऱ्याकडे होतं. त्याला किती लागलं, तो किती उरला, एवढंच ती बघत आली होती. गेलं वर्षभर.

"काहून बघत नाही?" भन्तेंनी हळूच विचारलं.

तिनं फोन पुन्हा उचलला.

पुढच्या सामन्यात तिनं बघितलं. डोंगऱ्या बसला आणि समोरच्या माणसानं घाईघाईनं, एक क्षणही न दवडता, हल्ला केला. त्याच्या पुढच्यानं तसं केलं नाही. त्यानं आपल्या जखमी प्राण्याला मागे घेतलं आणि धडधाकट पुढे आणला. आणखी एकानं खूप वेळ लावला आणि ढाल धरली. बसलेल्या, हात न उचलणाऱ्या प्राण्यापुढे ढाल.

स्वरूपाच्या अंगावर काटा आला.

एरवी प्रत्येक जण समोरच्याच्या चालीला उत्तर देत असतो. त्याला पर्यायच नसतो. या एका डावाला मात्र उत्तर द्यायला समोर काहीच नव्हतं. मग माणूस आपल्या मनातलं करत होता. कुणी उतावळा होता, कुणी जपणारा. आणि तो ढालवाला... तो किती घाबरलेला असेल. कुठल्या गावातली, कुठल्या घरातली माणसं ही, तिला ठाऊक नव्हतं. पण एखाद्या घराचं दार वाऱ्यानं उघडावं आणि आत बसलेला माणूस दिसावा, तशी ती दिसत होती.

तिनं वर बघितलं. भन्ते डोळे मिटून बसले होते.

मग तिला शार्दूल आठवला. त्याचे दोन्ही सामने तिनं फोनवर पुन्हा लावले आणि फक्त तेवढे डाव बघितले. डोंगऱ्या बसला की ती त्याला मागे घेऊन साळिंदर पुढे करायची, कारण साळिंदराला मारणाऱ्यालाच उलटे काटे लागतात. शार्दूलला ते माहीत होतं. त्यानं त्या डावाला कधीच हल्ला केला नव्हता. तो शांतपणे दम साठवत आला होता, आणि मग त्या साठवलेल्या बळावर तिला चिरडत आला होता. इतके दिवस तिला वाटत होतं की तिला डोंगऱ्यानं दगा दिला.

दुपारी दोघं नदीकडे निघाले. विहारात रेंज मधेच जायची, वैनगंगेच्या घाटावर चांगली मिळायची. स्वरूपा वरच्या पायरीवर बसली. भन्ते चार पायऱ्या खाली, तिच्याकडे पाठ करून, पाण्याकडे तोंड करून बसले. फोनकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही.

सामना सुरू झाला. स्वरूपाचं घुबड लवकरच पडलं. साळिंदर जखमी होऊन मागे आलं. मग डोंगऱ्या उतरला, आणि पहिल्याच तडाख्याला शार्दूलचा कोल्हा आडवा झाला. त्याच्या जागी बिबट आला.

डोंगऱ्या बसला.

तिचं बोट सवयीनं मागे घ्यायच्या खुणेवर गेलं. तिनं फोन पायरीवर ठेवला आणि हात मांडीखाली घेतले.

बिबटानं दम साठवला. साळिंदर येणार म्हणून. ते आलंच नव्हतं. डोंगऱ्या जिथल्या तिथे बसलेला होता, आणि त्याला ओरखडाही उठला नव्हता.

डोंगऱ्या उठला. आता तडाखा द्यायची वेळ होती. स्वरूपा थांबली. ज्यानं नुकतंच साठवलंय तो ते सांडू देणार नाही, तिला वाटलं. तो ढालच धरणार. तिनं तडाखा राखून ठेवला आणि डोंगऱ्याला दम साठवायला सांगितलं.

हुकूम उघडे झाले. शार्दूलनं ढाल धरली होती.

ढाल लागोपाठ दोनदा धरता येत नाही. पुढच्या डावाला दोघांनी एकमेकांना मारलं. बिबट पडला, पण पडता पडता त्याचा पंजा लागला होता. डोंगऱ्यात आता नुसती धुगधुगी उरली. शार्दूलचा शेवटचा प्राणी बाहेर आला, मगर.

आणि डोंगऱ्या पुन्हा बसला.

मगरीनं नुसतं तोंड लावलं असतं तरी डोंगऱ्या संपला असता. मागे उरलेल्या जखमी साळिंदराच्या जोरावर सामना काढणं कठीण होतं. वर्षभराची सवय तिच्या बोटांत ओरडत होती, घे मागे, घे मागे. तिनं हात हलवला नाही.

हुकूम द्यायच्या वेळेचं घड्याळ चालू झालं. शार्दूलचा हुकूम येईना.

तिला कळलं, तो काय विचार करतोय. डोंगऱ्या बसून राहिला आणि आपण मारलं, तर आपण जिंकल्यातच जमा. साळिंदर पुढे आलं आणि आपण मारलं, तर उलट्या काट्यांनी आपली मगर जाणार. आधी ही नेहमी मागे घ्यायची. मघाशी घेतलं नाही. आता घेईल? नाही घेणार?

काटा फिरत राहिला. हुकूम नाही.

स्वरूपाला श्वास घ्यायचं भान राहिलं नाही. इतक्या लांब, महाराष्ट्राच्या पार त्या टोकाला, एका खोलीत एक मुलगा बोट हवेत धरून बसला होता. तिला त्याचं बोट दिसत होतं. ते पुढे होत होतं, मागे येत होतं. आयुष्यात तिनं कुणालाच इतक्या जवळून बघितलं नव्हतं. आपल्या आईलासुद्धा नाही. डोंगऱ्या फक्त बसला होता, आणि त्या बसण्यात एक अख्खा माणूस मावला होता.

वेळ संपली. शार्दूलचा डाव रिकामा गेला.

डोंगऱ्या उठला. पुढच्या डावाला मगरीनं चावा घेतला आणि डोंगऱ्यानं तडाखा दिला, दोन्ही एकदम. दोघंही आडवे झाले. स्वरूपाकडे साळिंदर उरलं होतं. शार्दूलकडे कुणीच नव्हतं.

फोनवर रंगीत कागद उडू लागले. मैत्रिणींचे मेसेज येऊ लागले. मग आईचा आला. तिनं कुठलाच उघडला नाही.

बऱ्याच वेळानं ती खाली उतरली आणि भन्तेंच्या मागच्या पायरीवर बसली.

"जिंकली मी, भन्ते."

भन्ते पाण्याकडे बघत होते. पैलतीरावर कुणीतरी म्हशी पाण्यात घालत होतं...

शार्दूलचं बोट थांबलेलं आपल्याला दिसलं, ती सांगू लागली. खरंच दिसलं. तो मारू शकत होता. एवढं सोपं होतं, आणि तो घाबरला. हरलेल्या माणसाबद्दल आपल्याला वाईट का वाटतंय, हे तिला कळेना. तिनं भन्तेंना तेच विचारलं.

भन्ते तिच्याकडे वळले. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं.

"त्याचा नंबर आहे तुझ्याकडे?"

"आहे."

"मग लाव फोन, बेटा. जेवला का, विचार त्याला."