शेजाऱ्याने मागितलेला सुतार

पूर्वी वेत्रनगरात सुबाहू नावाचा तरुण राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा वृद्ध अमात्य होता. नदीपलीकडचे महाकोटचे राज्य एके काळी एवढेसे होते. आता त्याचे हत्ती पाण्यावर आले की वेत्रनगरच्या बायका रिकाम्या घागरी घेऊन घरी परतत.

सख्य टिकावे म्हणून दरवर्षी सुगी झाली की बोधिसत्त्व महाकोटला जाई. तिथे पूर्वी त्याला बसायला चौरंग मिळे. पुढे पाट आला, मग चटई. शेवटी उग्रसेन राजाने त्याला भुईवरच बसवले. वेत्रनगरचे दरबारी घरबसल्या मिशांवर ताव देत, पण जायची वेळ आली की एकेकाचे पोट दुखू लागे. बोधिसत्त्वाचे गुडघे खरोखरच दुखत, तरी तोच जाई. तो फार थकला होता.

त्या वर्षी पिंगल नावाचा सुतार महाकोटहून बायकामुलांसह पळून आला. किल्ले फोडायची यंत्रे करायला त्याने नकार दिला होता. वेत्रनगरने त्याला अभय दिले. लगेच उग्रसेनाचा निरोप आला, "सुतार द्या, नाही तर मी येतो." परत गेला तर पिंगलला सूळ ठरलेलाच होता.

"देऊन टाकू या, अमात्य," सुबाहू म्हणाला. "एका माणसापायी सगळं नगर का जाळून घ्यायचं?"

"आधी मी जाऊन येतो, महाराज," बोधिसत्त्व म्हणाला.

तो महाकोटच्या दरबारात भुईवर बसला आणि सुतार मिळणार नाही, असे त्याने सांगितले. उग्रसेन हसला. "इतकी वर्षं मुकाट्याने सोसलंस. आजच का अडून बसलास?"

"महाराज, भुईवर बसलो त्यात माझाच मान गेला. तो माझा होता, म्हणून दिला. पिंगलचा जीव माझा नाही. आणि उत्तरेचा राजा तुमच्याहूनही मोठा होतो आहे. आज तुमच्या भीतीने आम्ही अभय मोडलं, तर उद्या त्याच्या भीतीने त्याला तुमच्यावर चालून यायला नदीचा उतार दाखवू. असा शेजारी हवा आहे का तुम्हाला?"

"ठेवा तुमचा सुतार," उग्रसेन म्हणाला. "पण त्याने तुमच्यासाठीही यंत्र करायचं नाही." बोधिसत्त्वाने तसे वचन दिले.

"सुटलो आपण!" तो परतल्यावर सुबाहू म्हणाला.

"पिंगल सुटला, महाराज. शेजारी तिथेच आहे. पुढच्या सुगीला तो आणखी काही मागेल. पुन्हा जावं लागेल."

राजाने त्याच्या सुजलेल्या पायांकडे पाहिले. "मग मी येतो तुमच्याबरोबर," तो म्हणाला. इतक्या वर्षांत असे कोणी म्हटले नव्हते. बोधिसत्त्वाला रडू आले.

ही कथा सांगून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा सुबाहू म्हणजे आजचा माझा शिष्य आनंद. उग्रसेन आणि पिंगल आज याच सभेत शेजारी शेजारी बसले आहेत. थकलेला अमात्य मीच होतो. त्या जन्मी मी क्षांती, म्हणजे सहनशीलता, पाळली."