गळ्याचं औषध

लहानथोरांनो, ही फार फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा एका खोल दरीच्या दोन्ही अंगांना एक गाव पसरलं होतं. घरं इतकी लांब लांब, की निरोप सांगायचा तर हाळीच द्यावी लागे. गाय व्याली, हाळी. पाहुणे आले, हाळी. आपल्या खणखणीत गळ्याचा या गावाला भारी तोरा!

दिवस कलला की 'सगळे घरी या' ही गावाची हाळी एकच जण देई. त्या वर्षी तो मान गावच्या प्रमुखाच्या, नाईकाच्या लेकीला, सगुणाला मिळाला होता. वय अवघं पंधरा. नाईक भेटेल त्याला सांगे, "आमच्या घरातला गळा आहे!"

पुढे सगुणाची हाळी बारीक होत गेली. एक दिवस ती आलीच नाही.

गावाची धावपळ उडाली. कुणी ज्येष्ठमध आणला, कुणी आल्याचा काढा. एका आजीनं तर गळ्याभोवती गरम राखेची पुरचुंडी बांधली. सगुणानं सगळं मुकाट्यानं करून घेतलं. "किती गुणाची पोर," गाव म्हणालं. धन्य त्या गावाची! महिन्यापूर्वी काढ्याची वाटी पाहून जी घरभर पळाली असती, ती आज निमूट पिते, याचं कुणालाच नवल वाटलं नाही.

ती दुपारपर्यंत अंथरुणात पडून राही, तो आळस ठरला. भाकरी तशीच उरे, ते नखरे ठरले. आईला उगाच तोडून बोले, तर म्हणे वयच तसं असतं. तपासला तो फक्त गळा.

एके सकाळी सगुणानं आपल्या मैत्रिणीला, ठकूला, स्वतःचं लाडकं करडू देऊन टाकलं. "तूच सांभाळ. मला आता कशाचंच काही वाटत नाही. मी नसले तरी कुणाचं काही अडणार नाही," ती म्हणाली. वर कुणाला सांगू नकोस म्हणून शपथही घातली.

ठकूनं ती शपथ मोडली, आणि बरं केलं. करडू काखेत मारून ती तडक नाईकासमोर उभी राहिली.

"नाईककाका, तिचा गळा धड आहे. मन दुखतंय तिचं. काढे राहू द्या, तिच्यापाशी बसा."

"माझ्या लेकीला काय कमी आहे?" असं ओरडायला नाईकानं तोंड उघडलं, पण त्याची नजर करडावर गेली. आईविना राहिलेलं ते पिल्लू सगुणानं बोटानं दूध पाजून जगवलं होतं. तेच तिनं देऊन टाकलं? नाईक तसाच लेकीकडे निघाला.

तो लेकीच्या उशाशी जाऊन बसला. मग हलकेच म्हणाला, "सगू, जगू नये असं वाटतं का गं तुला?"

सगुणाला रडू फुटलं. "होय, बा. कधीपासून वाटतंय. तुमची मान खाली जाईल म्हणून बोलले नाही."

त्या दिवसापासून घरच्यांनी तिला एकटं सोडलं नाही. नाईक तिला तीन मुक्कामांवरच्या वैद्यबाईकडे घेऊन गेला. वाटेत कुणी विचारलं तर सरळ सांगे, "लेकीचं मन आजारी आहे. बरं करायला नेतोय." ते दुखणं काही चार दिवसांत गेलं नाही. जायला वेळ लागला, मधूनच उलटलंही. पण कुणी घाई केली नाही.

पुढच्या वर्षी हाळीचा मान दुसऱ्या घरात गेला. एका म्हाताऱ्यानं नाईकाला डिवचलं, "काय रे, मान गेला की तुझा!"

नाईक हसला. "अहो, परवा माझी लेक आपणहून माझ्यापाशी आली. म्हणाली, 'बा, आज पुन्हा जड वाटतंय, जवळ बसा.' हे सांगायला केवढी छाती लागते, ठाऊक आहे? एवढा अभिमान मला उभ्या जन्मात कशाचा वाटला नव्हता!"

म्हातारा उठला आणि कधीपासून गप्प गप्प असलेल्या आपल्या नातवाजवळ जाऊन बसला.

बोध: वयात आलेलं लेकरू अचानक बदललं तर त्याला नावं ठेवू नका, जवळ बसून त्याचं मन विचारा.