पिळलेलं बटण

गानमंडळाचे अध्यक्ष तात्यासाहेब बेहेरे स्वतःच्या कानांना मंडळाची मालमत्ता समजत. तालमीत त्यांनी गायिका हेमांगीला सुनावलं, "आवाज टोचतो, बाई. इक्वलायझरवर मऊ करा, नाहीतर संध्याकाळी माझी मेहुणी गाईल."

मेहुणीचं नाव निघताच तबलजीने डोळे मिटून घेतले.

हेमांगीने इक्वलायझरचं बटण हळूच पिळलं आणि तीच तान पुन्हा घेतली.

"अहाहा! आता कसं लोणी झालं!" तात्यासाहेब डोलले. "याला म्हणतात कान!"

"खरंय," इक्वलायझरच्या वायरचं सुटं टोक दाखवत हेमांगी म्हणाली. "मशीन अजून जोडलेलंच नाही. मी बटण पिळलं, पण पिळला गेला तो तुमचा कान. गाणं संपेपर्यंत तो असाच राहू द्या!"

संध्याकाळी मेहुणीने फक्त टाळ्या वाजवल्या. त्याही बेताल.