बाभूळबनाने आणलेला ससाणा

“नवा येतोय ना, तो म्हणे पिल्लांना…”

एवढं बोलून साळुंकी उडाली. ती तळ्यावर पाणी प्यायला उतरली होती. बोलता बोलता पलीकडे चरणाऱ्या म्हशीच्या पाठीवर तिला एक टम्म फुगलेला गोचीड दिसला, आणि वाक्य तसंच टाकून ती गेली. खाली पाचोळा उलटत बसलेल्या सातभाईंनी ते ऐकलं. सातभाई म्हणजे सातजणांत मिळून एकच तोंड, आणि अर्धं ऐकलेलं पोटात ठेवणं त्यांच्या कुळात नाही. ऊन कलायच्या आत ते वाक्य बाभूळबनातल्या फांदीफांदीवर पोचलं, आणि जो तो आपापल्या भीतीप्रमाणे ते पुरं करू लागला. बहुतेकांनी शेवटी ‘खातो’ हाच शब्द जोडला.

बाभूळबन हे लहान राज्य होतं. एक तळं, काठाने बाभळी, एक जुना उंबर, आणि वर तेवढ्याच मापाचं आभाळ. पलीकडच्या टेकडीवर घारींचं राज्य होतं. घारी पुष्कळ होत्या आणि त्यांना बनातली पिल्लं आवडत. शेजार असा होता, आणि तो बदलून मिळण्यासारखा नव्हता.

बनाची राखण कोतवाल करत. हा पक्षी काळा कुळकुळीत, बुलबुलाहून थोडा मोठा, शेपटीला दोन टोकं असलेला. कोतवाल बाभळीच्या शेंड्यावर बसला की त्याच्या भरवशावर बाकीचे खालच्या फांद्यांत घरटी बांधत. घार आली की तो तिच्या पाठीवर चढून टोचत टोचत तिला टेकडीपर्यंत पोचवून येई. पण एकटा कोतवाल सगळीकडे कुठे बघणार? म्हणून बनात हाकेची रीत होती. धोका ज्याला आधी दिसेल त्याने ओरडायचं. घारीची हाक वेगळी, सापाची वेगळी. एकाने दिली की दुसऱ्याने उचलायची, आणि जिथून पहिली हाक आली तिथे कोतवालाने पोचायचं. पिल्लाने डोळे उघडले की त्याला आधी हाक शिकवत, उडणं नंतर.

हाक देण्यात टिटवीच्या तोडीचं कोणी नव्हतं. ती घरटं बांधत नाही, तळ्याकाठच्या खड्यांतच अंडी घालते, त्यामुळे कुठलंही संकट आलं की पहिलं तिच्या दारात येतं. मागच्या हंगामात घारींनी तिचं एकही पिल्लू ठेवलं नव्हतं. कोतवाल धावला होता, नाही असं नाही, पण बाकीचे कोतवाल केव्हाच सरले होते. उरलेला हा एकटा, तोही म्हातारा. त्याच झटापटीत घारीने त्याच्या शेपटीचं एक टोक उपटलं, आणि तेव्हापासून वळताना तो एका अंगाला झुकायचा. आता टिटवी पुन्हा अंड्यांवर बसली होती. नवा राखणदार हवा, असं तिलाही वाटत होतं. आता खोटं कशाला बोला, सगळ्यांत जास्त तिलाच वाटत होतं.

बनाचा कारभार हुदहुदाकडे होता. त्याच्या डोक्यावर तुरा असतो, आणि मनात काही आलं की तो आपोआप उघडतो, त्यामुळे हुदहुदाचं गुपित असं काही राहत नाही. घारींच्या टेकडीवर शेजाऱ्यांची बैठक व्हायची तेव्हा याला सगळ्यांत खालची फांदी मिळे. ते त्याच्या मनाला फार लागलं होतं. घारींनी पिल्लं नेली त्यापेक्षाही जास्त, असं सातभाई म्हणत.

तर अशा वेळी मोठ्या अरण्यातून धनेश आला. चोच हातभर, चोचीवर आणखी एक चोच ठेवल्यासारखी, आणि पंखांचा आवाज असा की येतोय हे आधीच कळावं. त्याने बरोबर ससाणा आणला होता. धनेशाचं म्हणणं सरळ होतं. हा एकटा आभाळात लढेल, जमिनीवर झेपावेल, पाण्यावरचा शत्रू पाण्यावरच धरेल, आणि यातलं काही काम नसेल तेव्हा वरून टेहळणी करेल. चार जातीचे चार राखणदार सांभाळण्यापेक्षा हा एक ठेवा. अटी थोड्याच होत्या. ससाण्याचं खाणं मोठ्या अरण्यातूनच येईल. त्याच्या नख्यांना धार तिथलेच लोक लावतील. मोठ्या अरण्याचा जो मित्र असेल त्याच्यावर तो झेप घेणार नाही, आणि मित्र कोण हे मोठं अरण्य वेळोवेळी कळवेल. बदल्यात उंबराची फळं धनेशांची.

मग ससाण्याने उडून दाखवलं.

तो वर गेला, ठिपका झाला, आणि तिथून पंख मिटून जो खाली आला तो तळ्याच्या पाण्याला नुसता वारा लावून पुन्हा वर. असं काही बनाने पाहिलं नव्हतं. त्याची सावली बाभळींवरून फिरली आणि सगळं बन चिडीचूप झालं. सातभाईसुद्धा गप्प बसले, यावरून काय ते समजा. हुदहुदाचा तुरा पुरा उघडला. त्या शांततेकडे त्याने डोळे भरून पाहिलं आणि धनेशाला म्हणाला की बघा, आमची प्रजा कशी भारावली आहे.

टिटवी मात्र आपला गळा चाचपत होती. घारीची सावली पडली की तिच्या तोंडून हाक न ठरवता निघे. या सावलीखाली तिने हाक देऊन पाहिली होती, आणि ती निघाली नव्हती.

सभा बसली तेव्हा तिने तेच विचारलं. “हा हाकेवर येईल का?”

“बाई, याला हाक लागत नाही,” धनेश म्हणाला. “तुम्हाला दिसायच्या आधी याला दिसलेलं असतं.”

“आणि मघाशी आमचा आवाज का गेला?”

“त्याला आदर म्हणतात, टिटवीबाई,” हुदहुद म्हणाला. “तुम्हाला सवय नाही.”

“आदराने घसा आवळत नाही. मला आदराची सवय नसेल, भीतीची आहे.”

सभेत कुजबुज झाली. साळुंकीचं ते वाक्य एव्हाना सगळ्यांच्या ओठांवर होतंच. कोणीतरी धीर करून विचारलं की हा पिल्लं खातो म्हणतात, ते कसं? धनेशाने चोच वर करून बराच वेळ हसून घेतलं. मग छातीवर पंख ठेवून त्याने शपथ घेतली की बनातल्या एकाही पिल्लाला हा शिवणार नाही. शिवला तर उंबर परत.

कोतवाल शेवटी बोलला. तो फार बोलणारा नव्हताच. “याला वळायला किती आभाळ लागतं?”

“कोतवालदादा, या वयात वळायची काळजी तुम्ही करा,” धनेश म्हणाला, आणि कोतवालाच्या तुटक्या शेपटीकडे बघून सभा हसली. हसणाऱ्यांत असे पुष्कळ होते ज्यांची पिल्लं कोतवालाने घारीच्या पंजातून सोडवली होती.

करार झाला. धनेशाने जाता जाता आठवण करून दिली की ससाण्याला आपल्यापेक्षा उंच कोणी बसलेलं खपत नाही. हुदहुदाने कोतवालाला शेंडा सोडायला सांगितलं. बोलणं सारं मानाने झालं, विश्रांती, वय, आजवरची सेवा वगैरे. कोतवाल बनाच्या हद्दीबाहेरच्या एका खुरट्या बाभळीवर जाऊन बसला. जाताना टिटवीच्या खड्यांपाशी क्षणभर उतरला.

“वहिनी, हाक द्या. तिथवर ऐकू येते,” तो म्हणाला.

ससाणा शेंड्यावर बसला आणि घारी यायच्या थांबल्या. हे त्याचं श्रेय, ते कोणी काढून घेऊ नये. एकही घार बनावर फिरकली नाही. पुढच्या बैठकीत हुदहुदाला मधली फांदी मिळाली. परत आला तेव्हा दोन दिवस तुरा मिटत नव्हता.

घोटाळा वळण्याचा झाला. ससाण्याचा वेग असा की त्याने वर जाऊन वळण घेतलं की अर्ध्याअधिक वळणात तो टेकडीवर असे. बनाचं आभाळ त्याच्या एका गिरकीला पुरत नव्हतं. घारींनी निरोप धाडला की तुमचा पक्षी आमच्या डोक्यावरून फिरतो, हे भांडण समजायचं का? हुदहुदाने ससाण्याला लहान गिरकी घ्यायला सांगून पाहिलं. ससाणा लबाड नव्हता, आळशीही नव्हता. लहान गिरकी त्याच्या पंखांत नव्हतीच. शेवटी असं ठरलं की त्याने रोज एकदाच उडावं, भर दुपारी, सगळ्यांना दिसेल असं, आणि एरवी शेंड्यावर बसून अरण्यातून येणाऱ्या खाण्याची वाट बघावी. तो उडाला की सावली फिरे. बसला की सावली बाभळींवर पडून राही. दोन्ही वेळा बन गप्प असे. पाहुणे येत ते म्हणत, किती शांत राज्य आहे तुमचं.

टिटवीची अंडी याच शांततेत फुटली. तिने पिल्लांना खडे ओळखायला शिकवलं, दबून बसायला शिकवलं. हाक शिकवायची म्हणून ती रोज चोच उघडी, आणि रोज उद्यावर टाकी.

मग एका दुपारी गवतातून धामण आली.

टिटवीला ती लांबूनच दिसली. सापाची हाक तिच्या छातीत तयार झाली, गळ्यापर्यंत आली, आणि त्याच वेळी ससाणा शेंड्यावरून उठला. त्याची रोजची वेळ होती. सावली तिच्यावरून गेली. हाक परत छातीत गेली. तिने चोच उघडून पुन्हा पाहिलं, नुसती हवा आली. मग ती पंख मोडल्याचं सोंग करत धामणीच्या पुढे फरफटत गेली, तिला आपल्या मागे ओढायला बघू लागली. धामण अशी सोंगं पाहून थोराड झालेली. वरच्या फांद्यांवरून बुलबुल, सुगरणी, सातभाई, सगळ्यांनी सगळं पाहिलं. एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. ससाणा तेव्हा टेकडीवरून वळत होता. वळून बनावर आला तेव्हा गवत हललेलं होतं, इतकंच. खड्यांत एक पिल्लू उरलं होतं, दोन खड्यांच्या सांदीत बसलं म्हणून.

संध्याकाळी सातभाई हद्दीबाहेरच्या बाभळीवर गेले आणि कोतवालावर तुटून पडले. इतक्या जवळ होतास, आलास का नाहीस, म्हणून त्यांनी त्याला नाही नाही ते ऐकवलं. तिथे सावली पोचत नव्हती, म्हणून त्यांना तोंड फुटलं होतं.

“दिवसभर कान तिकडेच होते,” तो म्हणाला. “हाक आली नाही.”

बनात चौकशी झाली. हुदहुदाने ससाण्याच्या नख्या सगळ्यांना दाखवल्या. त्या स्वच्छ होत्या. एका पिल्लालाही तो शिवला नव्हता, शपथ पाळली गेली होती, उंबर धनेशांकडेच राहिला. अफवा पसरवणाऱ्यांनी आता तरी लाज धरावी, असं हुदहुद म्हणाला, आणि सातभाईंनी पाचोळ्यात माना घातल्या.

त्याच सुमाराला साळुंकी पुन्हा पाण्यावर उतरली. तिला तर काही ठाऊकही नव्हतं. टिटवी तिच्याजवळ गेली आणि त्या दिवशीचं वाक्य पुढे काय होतं ते तिने विचारलं. साळुंकीला आठवायला जरा वेळ लागला.

“अगं, चांगलंच सांगत होते मी,” ती म्हणाली. “नवा येतोय तो म्हणे पिल्लांना काही करत नाही. त्याच्या राज्यात पिल्लं रडतसुद्धा नाहीत म्हणे.”

दुसऱ्या दिवशी दुपार व्हायच्या तोंडावर टिटवीने उरलेल्या पिल्लाला खड्यांवर उभं केलं आणि सापाची हाक शिकवायला घेतली. तिने आधी चोच उघडली. पिल्लानेही तिच्याकडे बघत उघडली, मान ताणून, डोळे मोठे करून. शेंड्यावरून पंख उघडल्याचा आवाज आला. दोघांच्या उघड्या चोचींवरून सावली सरकत गेली, आणि थोड्या वेळाने पिल्लाने चोच मिटून आईकडे पाहिलं, जमलं का म्हणून.